फुकटची गाय

परळच्या चाळीतली अंबिका मोबाईलवर शेतीचा खेळ खेळायची, कारण कणकवलीला दिलेली बहीण त्यात तिची शेजारीण होती. एकदा जाहिरात आली, सोप्या प्रश्नांची उत्तरं द्या आणि गाय फुकट न्या. तिने उत्तरं दिली, नंबर टाकला. गाय मिळाली, पण तेव्हापासून रिचार्ज केला की बॅलन्स उडू लागला.

मुलगी अनुजा म्हणाली, "आई, तू राशिभविष्याची सेवा चालू केलीयस."

"मी कुठे गं? मी फक्त गाय घेतली."

बंद करायला मेसेज पाठवला, तर दुसरीच सेवा सुरू झाली.

"नंबरच बदलून टाक," अनुजा वैतागली.

भांडून घर सोडून गेलेल्या अंबिकाच्या मुलाला, निलेशला, हाच एक नंबर पाठ होता. तिने पुन्हा रिचार्ज मारला.