गोळी लपवली, घोर वाढला

कीर्तीला तिसरा महिना लागला आणि सासूबाई सुमित्राबाईंचा एकच धोशा सुरू झाला. "डॉक्टरीणबाईले फिटच्या गोळ्यायचं सांगू नोको. आपलं अर्धं मोहाडी गाव तिथं येते. लोकं का म्हनतीन?"

लोकं, लोकं! कीर्ती मनातल्या मनात चरफडली. लहानपणापासून तिला मिरगी होती, पण गोळ्या सुरू झाल्यापासून झटका नव्हता. नवरा चंदन हे लग्नाआधीपासून जाणून होता. पण आईपुढे तोंड उघडेल तर शपथ!

भंडाऱ्याच्या दवाखान्यात बाळाच्या तपासणीसाठी रक्त घेताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काही औषधं चालू आहेत?"

"काही नाई जी!" कीर्तीच्या आधी सुमित्राबाईच बोलल्या.

रिपोर्ट आला. बाळात दोष असण्याची शक्यता जास्त! घरात रडारड झाली. सुमित्राबाईंनी गोळ्यांची डबीच उचलली. "यायनंच घात केला! आजपासून बंद!"

आता मात्र कीर्तीचा बांध फुटला. "आई, बस झालं! काल सांगाची लाज, आज बंद कराची घाई! झटका येऊन मी पडली तं बाळाचं का होईन? आना ती डबी! आन् तुमी हो," ती चंदनकडे वळली, "मुक्यावानी काहून बसले? चला दवाखान्यात!"

सगळं ऐकून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, हे आधी का नाही सांगितलं? मिरगीच्या काही गोळ्यांनी या तपासणीतले रक्ताचे आकडे बदलू शकतात. शिवाय काही गोळ्यांचा बाळाच्या पाठीच्या कण्याला धोका असतो, म्हणून बारकाईने सोनोग्राफी करावी लागते. आणि गोळी मनानं बंद? मोठा झटका आला तर दोघांच्या जिवावर बेतेल! मेंदूच्या डॉक्टरांशी बोलून काय ते ठरवू."

"म्हंजे लेकरू बरं हाये?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"ते आज नाही सांगता येत. ही चाचणी फक्त शंका दाखवते, निकाल देत नाही. पुढच्या तपासण्या करू."

घरी आल्यावर सुमित्राबाई कीर्तीला म्हणाल्या, "चुकलं व माय माहं. लोकायच्या भेवानं तुह्याच जिवावर उठली होती मी."

पुढच्या तपासण्या सुदैवाने ठीक निघाल्या. एक दिवस शेजारच्या पंचफुलाबाईंनी हळूच विचारलं, "सून कायच्या गोळ्या खाते व?"

"मिरगीच्या," सुमित्राबाई ठणकावून म्हणाल्या. "तू शुगरच्या खातेस, तशाच!"

वाचकहो, मिरगी हा आजार आहे, कलंक नव्हे. डॉक्टरपासून तो लपवून अब्रू राहत नाही; उलट तपासणीच आंधळी होते, आणि भोगावं लागतं त्या मायलेकरांना!