एक काडी रेंज

नेट कुठल्या कंपनीचं घ्यायचं हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं ते आईच्या नाइलाजामुळे आणि माझ्या तोंडामुळे. सहामाही परीक्षेपर्यंत अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं म्हटलं की मी फोन आईच्या हातात कोंबायचे. मग शाळेच्या वादविवाद स्पर्धेत एक मुलगी आयत्या वेळी आजारी पडली, बाईंनी मला स्टेजवर ढकललं, आणि तेव्हा जी सुरू झाले ती अजून थांबलेली नाही. बाबा मला भोंगा म्हणतात. आई म्हणाली, तोंड एवढं चालतंय तर घराच्या कामाला तरी येऊ दे.

काम घाईचं होतं. आई घरूनच नोकरी करते. डॉक्टर लोक पेशंटबद्दल बोलून ठेवतात, ते आई कानाला हेडफोन लावून ऐकते आणि टाइप करते. आमचं जुनं नेट दिवसातून चारदा जायचं, फाइल अर्धी वर चढली की हमखास. ऑफिसने तिला कळवलं होतं की या महिन्यात आणखी एकदा असं झालं तर फायली दुसऱ्या कुणाला तरी देऊ. महिना संपायला बारा दिवस होते.

मी तीन कंपन्यांना फोन लावले. पहिलीच्या माणसाचा आवाज इतका गोड होता की मी त्याचं नाव पाकातला काका ठेवलं. दुसरीवाल्याने मला आधी "मोठं कुणी आहे का घरात" विचारलं, तर मी म्हटलं की मोठे झोपलेत, तुम्ही माझ्याशीच बोला, आणि तो खरंच बोलला. तिसरीने तर जाहिरातीतल्या स्पीडच्या निम्मासुद्धा मिळेलच असं नाही हे स्वतःच कबूल केलं. अशी प्रामाणिक माणसं धंदा कसा करतात कोण जाणे. मी वहीत रकाने आखले. खाली राहणाऱ्या सगळ्यांना विचारून आले की कुणाचं नेट कधी जातं. शेवटी दुसरी कंपनी जिंकत आली. पण तिच्या माणसाने विचारलं, घरात नेटवर एकूण किती गोष्टी चालतात, त्यावर प्लॅन ठरेल.

म्हणून मंगळवारी संध्याकाळी मी फोनवर आमच्या राउटरचं पान उघडलं. त्यात यादी दिसते, कोणकोण जोडलेलं आहे त्याची. मागच्या वर्षी मला हे नव्याने कळलं तेव्हा मी हौसेने सगळ्यांना नावं दिली होती: आईचा कॉम्प्युटर, आईचा फोन, बाबांचा फोन, मी, टीव्ही, प्रिंटर, आणि समोरच्या शिवणकाकूंचा फोन, कारण त्या आमचंच नेट वापरतात आणि बदल्यात आमचे कपडे अल्टर करून देतात. सात. मी पुन्हा मोजलं. यादीत आठ होते.

आठवं नाव होतं "आत्या", तेही मागच्या वर्षी मीच दिलेलं.

आत्या जाऊन सात महिने झाले होते.

मी आधी त्या नावाकडे बघत बसले आणि मग घड्याळाकडे बघितलं. पावणेसात. सहा एक्कावन्नला ते नाव यादीतून गेलं.

मी उठून तिसऱ्या खोलीत गेले. ती आत्याची खोली. तिथल्या कपाटात तिची पर्स आहे आणि पर्समध्ये तिचा फोन. तो होता तिथेच होता, बंद, बॅटरी फुगून मागचं झाकण उचललेलं. मी बटण दाबून धरलं. काही झालं नाही. मी फोन परत पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन लावली, अगदी हळू, कुणाला ऐकू जाईल अशी भीती असल्यासारखी.

आता आत्याचं दाराचं प्रकरण सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आमच्यातच राहायची. चष्म्याच्या दुकानात फ्रेम बसवायचं काम करायची आणि रोज सहा चाळीसला घरी यायची. बाबा छापखान्यात रात्रपाळीला असतात, त्यामुळे संध्याकाळी सातपर्यंत ते हॉलमध्ये, दाराला लागूनच्या दिवाणावर झोपतात. आई आत हेडफोन लावून. दाराला आतून कडी. आत्याने कधीही बेल वाजवली नाही. दारावर टकटकसुद्धा नाही. बारक्याची झोपमोड होईल, म्हणायची. बारक्या म्हणजे बाबा, वय वर्षं सत्तेचाळीस. तर ती वर आली की दाराबाहेर उभी राहायची, तिथे फोनला आमचं नेट लागायचं, आणि मला मेसेज यायचा: आले. दार. मी पाय न वाजवता जाऊन कडी काढायची. बाहेरचं नेट तिने कधी घेतलंच नाही. रिचार्जही संपला की पंधरा पंधरा दिवस तसाच. दिवसभर लोकांचे डोळे बघते, फोनमध्ये काय बघू, असं तिचं म्हणणं.

आत्या गेली त्या दिवशी नेट बंद पडलेलं होतं. मेसेज आला नाही, म्हणून मी उठले नाही. आत्या दाराबाहेर उभी राहिली. शिवणकाकूंनी दार उघडून विचारलं, आत येऊन बसता का, तर ती म्हणाली, नको, येईलच आता. अकरा मिनिटं ती उभी होती. मग काय वाटलं तिला कोण जाणे, पुन्हा जिना उतरायला लागली आणि वळणावर कोसळली. लोकांनी तिला उचलून वर आणलं तेव्हा सात वाजून गेले होते आणि नेट परत आलेलं होतं. तिला आमच्या दाराशी आणलं आणि माझ्या हातातला फोन वाजला. पर्समधल्या तिच्या फोनला नेट लागलं होतं. आले. दार.

हे कंपनी बदलायचं प्रकरण त्याच्याही आधी वर्षभर चालू होतं. आई रोज कुरकुर करायची आणि बाबा म्हणायचे, बघू पुढच्या महिन्यात. त्या दिवसानंतर आईने तो विषयच काढला नाही, आता ऑफिसचं पत्र येईपर्यंत.

बुधवारी आठवं नाव सहा चाळीसला आलं आणि सहा एक्कावन्नला गेलं. गुरुवारी तसंच. नावापुढे रेंजच्या काड्या दिसतात, चारपैकी किती ते. आत्यापुढे रोज एकच काडी. मी माझा फोन घेऊन घरभर फिरले, परीक्षेच्या अभ्यासापेक्षा जास्त मन लावून. हॉलमध्ये चार काड्या. स्वयंपाकघरात तीन. तिसऱ्या खोलीत तीन. बाल्कनीत दोन. एक काडी कुठेच मिळेना. मग बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि पायपुसण्यावर उभी राहिले.

एक.

मी आत पळाले ते थेट आईच्या खुर्चीमागे. आईने एक कान मोकळा करून विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, पाणी प्यायला आले होते.

वादविवादात मुद्दा सुचला नाही की मी हातवारे करते. तसे मी दोन दिवस मनातल्या मनात हातवारे केले. शिवणकाकूंना आडून आडून विचारलं, संध्याकाळी आमच्या दाराशी कुणी असतं का? त्या म्हणाल्या कुणी नसतं, पण हल्ली त्या वेळेला दार उघडायचं त्या टाळतात. का, असं मी विचारलं. हातातला दोरा तोंडाने तोडला आणि विषयही तोडला.

इकडे बाबांनी माझी प्रत्येक कंपनी नापास करायचा सपाटा लावला होता. पाकातल्या काकाचा आवाज त्यांना खोटा वाटला. तिसरीचं ऑफिस फार लांब. दुसरीचं तर काय, माहितीपत्रकाची छपाई वाईट, रंग सरकलेत, म्हणे ज्यांना चार रंग जागेवर बसवता येत नाहीत ते नेट काय देणार. आई हसली, पण मला हसू आलं नाही. कारण शुक्रवारी सहा चाळीसला मी हॉलमध्ये होते. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपलेले, डोक्यावरून पांघरूण. आणि पांघरुणाच्या आत उजेड होता. फोनचा. मी चवड्यांवर उभी राहून वाकून पाहिलं. तेच पान. तीच यादी. बाबांचा अंगठा त्या नावाच्या शेजारी नुसता टेकलेला होता.

त्या दिवशी भोंगा बंद.

पण दुसऱ्या कंपनीच्या माणसाला सोमवारी सकाळी दहाला यायला सांगितलं. कुणाला न विचारता. रविवारी दुपारी जेवताना जाहीर करून टाकलं. आई म्हणाली, बरं झालं. बाबांनी ताट बाजूला केलं आणि झोपायला गेले.

संध्याकाळी साडेसहाला मी दिवाणाजवळ खाली फरशीवर बसले आणि त्यांना सांगितलं की तुम्ही जागे आहात हे मला माहीत आहे. थोड्या वेळाने पांघरूण हललं. बाबा उठून बसले. त्यांचे डोळे झोपेतून उठलेल्या माणसाचे नव्हते.

"उद्या त्या माणसाला येऊ नको म्हण," ते म्हणाले.

"आईचं काम जाईल."

"आईचं मी बघतो."

"काय बघणार? तुम्ही टाइप करणार? तुम्हाला 'ळ' सापडायला पाच मिनिटं लागतात."

ते हसले नाहीत. पांघरुणाची घडी घालायला लागले, चुकली, पुन्हा घातली. "सात महिने बघतोय, रोज येते ती. जुनं काढलं तर येईल आणि तिला काहीच लागणार नाही," ते म्हणाले. "परत तसंच उभं राहायचं का तिने? माझ्यामुळे?"

मला एकदम रडू आलं, आणि रडू आलं की मी भांडते. "लागतंय की बाबा नेट. सात महिने लागतंय. मग कुठे आत आली? ती काय नेटसाठी येते का? दार उघडा म्हणून येते."

बाबांनी दाराकडे पाहिलं. त्यांच्या फोनवर आणि माझ्या फोनवर एकाच वेळी नाव आलं. आत्या. एक काडी.

"तू उघड," बाबा म्हणाले.

मी रुबाबात उठले. कडीला हात लावला. लोखंड गार होतं. दाराच्या पलीकडे काही आवाज नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला कडी काढता येईना.

बाबा माझ्यामागे येऊन उभे राहिले होते. "कुणी असलं तर?" ते हळूच म्हणाले. आणि मग, "कुणी नसलं तर?"

मी बाजूला झाले. बाबांनी कडी काढली, आणि दार पूर्ण उघडलं, भिंतीला टेकेपर्यंत.

बाहेर कुणी नव्हतं. पायपुसणं, शिवणकाकूंच्या चपला, लिफ्टवरचा लाल एकचा आकडा. जिन्यावर खालच्या मजल्याच्या टीव्हीचा आवाज. मी फोनकडे बघितलं. ते पान दर दहा सेकंदांनी आपोआप बदलतं. एक काडी. एक काडी.

बाबा भिंतीला पाठ लावून उभे राहिले, अंग चोरून, हातात पिशव्या घेऊन येणाऱ्या माणसाला वाट देतात तसे. "ये ताई," ते म्हणाले. मोठ्याने. झोपलेलं कुणी नाही हे तिला कळावं एवढ्या मोठ्याने.

दोन काड्या.

मी दिवाणावर जाऊन बसले. तीन. मग चार, आणि मी पाय पोटाशी घेतले, कारण हॉलमधून आत जायची वाट माझ्या पायांवरून होती. पडदा हलला नाही. गार वारा आला नाही. तसलं काहीही झालं नाही. फक्त दहा सेकंदांनी चारच्या तीन झाल्या, आणि तीन काड्या कुठे मिळतात ते मला पाठ होतं.

तिसऱ्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. बाबा येऊन दिवाणावर बसले आणि आम्ही दोघं तिकडे बघत राहिलो. कुणी उठलं नाही. सहा एक्कावन्न झाले. बावन्न झाले. नाव गेलं नाही.

आई हेडफोन गळ्यात अडकवून बाहेर आली. उघडं दार पाहून म्हणाली, कोण आलं होतं? मी बाबांकडे बघितलं. बाबांनी फोन तिच्यापुढे धरला. आईने ते नाव वाचलं, मग स्वयंपाकघराकडे आणि तिसऱ्या खोलीकडे बघितलं, आणि दिवाणावर बाबांच्या शेजारी टेकली. आम्ही तिघं तसेच, बसस्टॉपवर बसल्यासारखे.

"दार लाव आता," शेवटी बाबा मला म्हणाले. "डास येतील."

मी दार लावलं. कडी घालू की नको ते कळेना, मग नाही घातली. बाबांनी कंपनीचा फॉर्म मागितला आणि माझ्या फोनवर बोटाने सही केली. सही वेडीवाकडी आली, त्यांनी पुसून पुन्हा केली. मग आत जाऊन तोंड धुऊन आले, टॉवेलने मान पुसत उभे राहिले आणि विचारलं की उद्या तो माणूस वायर आत घ्यायला भिंतीला भोक पाडेल ना? मी म्हटलं हो, त्याने तिसरी खोली सुचवली आहे, तिथून वायर कमी लागते.

"हॉलमध्ये पाडायला सांग," बाबा म्हणाले. आवाज पुन्हा पूर्वीसारखा बारीक केला होता त्यांनी. "तिकडे ठोकाठोक नको. दमून आली असेल."