तीन शिंगांची म्हातारी

ऑर्विल हॉगनची वाचा गेली तेव्हा त्याचा आणि मार्लिसचा अबोला सुरू होऊन तीन आठवडे झाले होते.

भांडण तसं क्षुल्लकच होतं. चोवीस वर्षं, दर रविवारी दुपारी, उपासना आटोपली की चर्चच्या तळघरातल्या लांब टेबलाशी चौघं खेळायला बसत. ऑर्विल गोष्ट सांगे आणि बाकीचे तिघं त्या गोष्टीतली माणसं होत. कुणी शिकारी, कुणी वैद्य, कुणी वाटाड्या. आपलं माणूस आता काय करणार ते ज्यानं त्यानं तोंडानं सांगायचं, आणि ते साधलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवी. गोष्ट घडे ती ऑर्विलनं मनानं रचलेल्या एका खोऱ्यात, आणि त्या खोऱ्यात डायनोसॉर होते. अमेरिकेतल्या पूर्व मोंटानातल्या माणसाच्या गोष्टीत ते असायचेच. इथं कुंपणाचा खांब रोवायला खड्डा खणला तरी हाड लागतं.

मार्लिस गावातल्या छोट्या संग्रहालयात ही हाडं दगडातून सोडवायचं काम करी. सुया, ब्रश आणि भिंग घेऊन बसायचं, आणि दिवस मावळेपर्यंत तळहाताएवढा तुकडा मोकळा झाला तर नशीब म्हणायचं. त्यामुळे ऑर्विलच्या प्राण्यांतल्या चुका तिला खड्यासारख्या टोचत. वर्षानुवर्षं तिनं त्या गिळल्या. ऑक्टोबरातल्या एका रविवारी मात्र ऑर्विलच्या ट्रायसेराटॉप्सनं, तीन शिंगांच्या डायनोसॉरनं, सिंहासारखी डरकाळी फोडली आणि तिला राहवेना.

"ऑर्विल, पाला खाणारं जनावर आहे ते. असं नाही ओरडत."

"तू ऐकलंयस का त्याला?"

"तू तरी ऐकलंयस? चोवीस वर्षं आपलं ठोकून देतोयस."

समोर बाकीचे दोघं, गॅरेट आणि टेस, मान खाली घालून बसले. ऑर्विल शांतपणे खोऱ्याचा नकाशा गुंडाळायला लागला. "तुझी हाडं तू सांभाळ, मार्लिस," तो म्हणाला. "माझी जिवंत आहेत."

पुढचे तीन रविवार ती गेली नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, असं म्हणत राहिली. मग एका सकाळी गॅरेटचा फोन आला. ऑर्विलला अर्धांगाचा झटका आला होता. बिलिंग्स शहरातल्या इस्पितळात होता. उजवा हात लुळा पडला होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

एक शब्द फुटत होता, पण तो कुणाच्या कामाचा नव्हता. पाणी हवं असलं तरी "मंगळवार", दार लाव म्हणायचं असलं तरी "मंगळवार". बायकोला हाक मारायची तरी तेच. त्याला सगळं कळत होतं, फक्त सांगता येत नव्हतं. तीस वर्षं शाळेची बस चालवलेला माणूस तो. चाळीस पोरांचा गोंगाट त्याच्या एका हाकेनं थांबत असे.

जानेवारीत त्याची बायको डीना संग्रहालयात आली. कोट न काढता मार्लिसच्या टेबलाशी उभी राहिली.

"रविवार आला की बूट घालून दाराशी बसतो गं. घेऊन येऊ का त्याला?"

"आण ना," मार्लिस म्हणाली.

तो आला. गोष्ट सांगायची जबाबदारी त्या दिवशी गॅरेटनं घेतली होती. गॅरेट गुरं पाळणारा, मनानं मोकळा, पण घाईचा. ऑर्विलला त्यानं एक म्हातारा जादूगार दिला.

"पूल कोसळलाय. तुझा जादूगार काय करतो, ऑर्विल?"

ऑर्विलनं तोंड उघडलं. "मंगळ..." म्हणून थांबला. पुन्हा प्रयत्न केला. मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"दोर सोडतो?" टेसनं विचारलं. टेस गुरांच्या डॉक्टरकडे कामाला होती. मुक्या जिवांशी बोलायची सवय असलेली, हळू आवाजाची बाई. "का झाड पाडतो? नुसती मान हलव."

ऑर्विलनं डाव्या हातानं टेबलावरच्या पात्रांच्या बाहुल्या, फासे, सगळं जमिनीवर लोटून दिलं. मग उठला आणि जिन्याकडे निघाला. डीना त्याच्या मागं धावली. गॅरेट बराच वेळ टेबलाखाली वाकून फासे शोधत राहिला. वर यायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

तो सगळा आठवडा मार्लिसचं कामात लक्ष नव्हतं. शुक्रवारी ती ऑर्विलच्या घरी गेली. तो स्वयंपाकघरात खिडकीशी बसला होता. डीनानं कॉफी ओतली आणि दोघांना सोडून आत गेली.

"मी तेव्हा वेडंवाकडं बोलले," मार्लिस म्हणाली. "यायला हवं होतं मी. आले नाही."

तो बाहेरच्या बर्फाकडे बघत राहिला.

तिनं खिशातून शिशाची एक लहान मूर्ती काढून टेबलावर ठेवली. तीन शिंगांची ट्रायसेराटॉप्स, रंग उडालेली. त्याच्याच पेटीतली, त्या रविवारी रागानं लोटलेल्या ढिगातून तिनं उचलली होती.

"परवा गोष्ट मी सांगणार आहे. मला नीट येत नाही, पण सांगते. तू माणूस होऊ नकोस, ऑर्विल. माणसाला बोलावं लागतं. तू हिला चालव."

ऑर्विलनं मूर्ती हातात घेतली. अंगठा तिच्या पाठीवरून फिरवला. मग म्हणाला, "मंगळवार."

"रविवारी," मार्लिस म्हणाली, आणि त्याच्या ओठाचा डावा कोपरा किंचित हलला.

रविवारी तिनं त्याचाच जुना नकाशा अंथरला. गोष्ट साधी ठेवली. हिवाळा तोंडावर आलाय, शिकारी आणि वैद्य आजारी माणसांची एक गाडी घेऊन निघालेत, नदी ओलांडायला एकच उतार आहे, आणि त्या उतारावर एक म्हातारी ट्रायसेराटॉप्स उभी आहे.

ऑर्विलनं मूर्ती नदीत ठेवली, ऐन वाटेत.

"मी ओरडून हाकलतो तिला," गॅरेट म्हणाला. फासा टाकला, चांगला पडला.

ऑर्विलनं मूर्ती इंचभरही हलवली नाही. त्यानं मार्लिसकडे रोखून पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि डरकाळी फोडली. तळघरातली भांडी किणकिणली. वर झाडू मारणाऱ्या माणसाचा झाडू थांबला.

टेसनं मार्लिसकडे चोरून पाहिलं.

"डरकाळी फोडते ती," मार्लिस म्हणाली. "घोडे बिथरतात."

टेसच्या वैद्यानं चारा पुढे केला, तोही म्हातारीनं हुंगून सोडून दिला. गॅरेट वैतागला. "गाडीत माणसं मरताहेत, बाबा. मी भाला उचलतो. माफ कर, ऑर्विल."

त्यानं फासा मुठीत घेतला. तेवढ्यात ऑर्विलनं डावा हात वर केला. सगळे थांबले. त्यानं टेबलावरचे सगळ्यांत छोटे तीन फासे वेचले. एक फासा दोनदा निसटला. ते तिन्ही त्यानं नदीपलीकडे, म्हातारीच्या मागं, नकाशावरच्या झुडपांत एकाला एक चिकटवून ठेवले. मग मूर्ती उचलली आणि तिची शिंगं गॅरेटच्या बाहुलीकडे करून फाशांच्या पुढ्यात उभी केली.



"पिलं आहेत," गॅरेट म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. दर मार्च महिन्यात थंडीत रात्रंदिवस तो गाईंची बाळंतपणं करी. "अशा गाईला हलवता येत नाही. मारावं लागतं, नाहीतर वळसा घालावा लागतो."

"वळसा घातलास तर चार दिवस जातील," मार्लिस म्हणाली. "डोंगरात बर्फ आहे. गाडीतली सगळी पोचणार नाहीत."

"ठाऊक आहे मला." त्यानं मुठीतला फासा खाली ठेवला. "वळसा घालतो."

चार दिवसांचे चार फासे पडले. गाडीतली दोन माणसं वाटेत गेली. टेसनं त्यांना नावं दिली, आणि गॅरेटच्या शिकाऱ्यानं गोठलेल्या जमिनीत त्यांच्यासाठी खड्डे खणले. ऑर्विल सगळं ऐकत होता. त्याचे डोळे भरले होते, पण चेहरा झटक्यानंतर पहिल्यांदाच सैल दिसत होता. डीना मागं उभी होती. ती जेवणासाठी आणलेली हॉटडिश गरम करायच्या निमित्तानं शेजारच्या स्वयंपाकघरात गेली आणि खूप वेळ बाहेर आली नाही.

त्यानंतर ऑर्विल सोळा रविवार आला. म्हातारी कधी कळपात शिरली, कधी आगीतून पिलांना घेऊन निघाली. एकदा तर नुसतीच दिवसभर चिखलात बसून राहिली आणि तिघांना तिची वाट बघावी लागली. मार्लिस हळूहळू गोष्ट सांगायला शिकली. कधी थांबायचं हे तिला ऑर्विलच्या हाताकडे बघून कळे. त्याचे शब्द काही परत आले नाहीत. एप्रिलमध्ये "डी" एवढं म्हणू लागला, आणि डीनाला तेवढं पुरलं.

मे महिन्यात दुसरा झटका आला. तो झोपेतच गेला. गावाबाहेरच्या टेकडीवर त्याला पुरलं तेव्हा वारा इतका होता की पाद्र्यांचे शब्द अर्धे उडून गेले. शाळेच्या बसमधली पोरं, आता पन्नाशीला टेकलेली, टोप्या हातात घेऊन उभी होती.

पुढच्या रविवारी तिघं तळघरात जमले ते खेळायला नव्हे, नुसतंच बसायला. नकाशा गुंडाळलेलाच होता. गॅरेटनं कॉफी केली, ती कुणी प्यायलं नाही.

जिन्यावर पावलं वाजली. डीना होती. चोवीस वर्षं ती या तळघरात खाणं घेऊन आली, भांडी घेऊन गेली. टेबलाशी कधी बसली नव्हती. आज तिच्या हातात काही नव्हतं. तिनं टेसच्या शेजारची खुर्ची ओढली.

"घर फार शांत आहे," ती म्हणाली. मग गुंडाळलेल्या नकाशाकडे बघत, "यात नक्की करायचं काय असतं?"

मार्लिसनं एक कोरा कागद आणि पेन्सिल तिच्याकडे सरकवली. "आधी ठरव, कोण व्हायचंय तुला. मग नाव ठेव."

डीना पेन्सिल धरून बसली. "नाव नंतर सांगितलं तर चालेल?"

"चालेल," मार्लिस म्हणाली, आणि तिनं नकाशा उलगडला.