उलट्या आट्यांचा नट

मी रागीट आहे, हे आमच्या चाळीत कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. आमचे हे मात्र गरीब गाय. नाव ज्ञानदेव, कंपनीत फिटर, आणि स्वभाव असा की कुणी पायावर पाय दिला तर म्हणतील, माझाच पाय मध्ये आला. त्यामुळे घरातला सगळा राग मला एकटीला सांभाळावा लागतो.

ह्यांचे फोरमन उद्धवराव. त्यांच्याकडे एक जुनी गाडी होती. तिला वायपर एकच, साहेबांच्या बाजूचा. पाऊस लागला की शेजारी बसलेल्या त्यांच्या बाईंना काचेतून काही दिसायचं नाही, आणि बाई चिंचवडपर्यंत कुरकुर करायच्या. साहेबांनी ह्यांना विचारलं, "दुसरा वायपर बसवता येईल का रे?" हे म्हणाले, बघतो. ह्यांना 'नाही' म्हणता आलं असतं तर आमचा संसार वेगळाच झाला असता.

शहात्तर सालच्या पावसाळ्यात आठ गुरुवार ती गाडी भोसरीला आमच्या खोलीपुढे उभी होती. गुरुवार म्हणजे कंपनीची सुट्टी. एकाच मोटारीवर दोन वायपर चालवायचे, म्हणून ह्यांनी घरीच कानशीने घासून जोडदांडा घडवला. मी हातात पाने देत होते आणि काचेवर बादलीने पाणी ओतत होते. दोन्ही वायपर छान हलायचे, पण थोड्या वेळात दांड्याचा नट सैल होऊन खाली पडायचा. मोटार ज्या बाजूला फिरे त्याच बाजूला नट सुटे. सहा गुरुवार त्या एका नटाने खाल्ले.

सातव्या गुरुवारी हे सायकलचं डावं पायडल बदलत बसले होते. अचानक थांबले.

"कस्तुरा, डाव्या पायडलाला उलटे आटे असत्यात. ठाऊक हाय का, का ते?"

"मला काय ठाऊक?"

"पाय मारता मारता सुटू नये म्हणून." आणि उठून अनवाणीच कोपऱ्यावरच्या वर्कशॉपकडे गेले. तिथून उलटे आटे पाडायचं हत्यार मागून आणलं आणि नवा नट केला. हा नट डावीकडे फिरवला की आवळतो आणि उजवीकडे फिरवला की सुटतो. साध्या नटाच्या अगदी विरुद्ध. आठव्या गुरुवारी मी अकरा बादल्या ओतल्या. नट हलला नाही. हे ओले होऊन हसत उभे होते. लग्नात फोटो काढतानासुद्धा हे इतके हसले नव्हते.

साहेब गाडी घेऊन गेले. दिवाळीनंतर कंपनीच्या फळ्यावर कागद लागला. कंपनीच्या गाड्यांनाही असा दुसरा वायपर लावता येईल. कल्पना आणि रचना, फोरमन उद्धवराव. ह्यांनी मला हे जेवताना सांगितलं, कांदे महागले म्हणून सांगावं तसं.

"आणि तुमचं नाव?"

"गाडी त्यांची हाय."

"हात कुणाचे होते?"

हे पुढची भाकरी मोडायला लागले. मी मात्र माझं ताट बाजूला सारलं. ह्यांचं नाव आजवर हजेरीच्या बुकात आणि रेशनकार्डावर सोडून कुठे लिहिलं गेलं नव्हतं. मला ते त्या फळ्यावर पाहिजे होतं. चोराला त्याच फळ्याखाली खाली मान घालून उभा केलेलाही पाहिजे होता. खोटं कशाला बोलू?

मार्चमध्ये कंपनीत सुरक्षा सप्ताह आला. पुण्याहून मोठे साहेब येणार, ती गाडी बघणार, असं ठरलं. आदल्या दिवशी दुपारी हे शिफ्टला होते आणि उद्धवराव आमच्या दारात उभे राहिले. घामाने सदरा पाठीला चिकटला होता.

"ज्ञानदेवचा तो लहान पाना घरी आहे का? उद्या मोठ्या साहेबांना उघडून दाखवायचंय."

कंपनीत ह्यांच्याकडे पाना मागितला असता तर चारचौघांत कळलं असतं, कुणी काय केलं ते. म्हणून ते माझ्या दारात. मी पाना काढला. खरं सांगते, ओठांवर आलं होतं की साहेब, तो नट उजवीकडे फिरवा. राग होता, पण उन्हात दारात आलेला माणूस. आधी पाण्याचा तांब्या पुढे केला.

त्यांनी तांब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "नको, आत्ताच प्यायलोय." जिभेने कोरडे ओठ ओले करत म्हणाले.

ह्यांना त्यांच्या घरी चहा मिळायचा तो खिडकीत वेगळ्या ठेवलेल्या कपातून. धम्म घेऊन वीस वर्षं झाली आम्हाला, तरी तो कप काही खिडकीतून हलला नव्हता. मी तांब्या खाली ठेवला.

"उघडायला काही विशेष नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नटाला काय विशेष असणार, साहेब? घट्ट बसलाय. चांगला जोर लावा."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. उद्धवरावांनी जन्मात सायकलचं पायडल बदललेलं नाही, हे मला माहीत होतं. बदललं असतं तर ते माझ्या शब्दांवर विसंबले नसते.

दुसऱ्या दिवशी हे घरी आले आणि तो नट माझ्यापुढे ठेवला. त्याच्यात दांड्याचं टोक तुटून अडकलं होतं. मोठ्या साहेबांसमोर उद्धवरावांनी नट डावीकडे फिरवला. हलेना, म्हणून दोन्ही हातांनी जोर लावला. दांडा मोडला. उद्धवराव म्हणाले, "फिटरने माल हलका वापरला." मोठ्या साहेबांनी विचारलं, "कोणता फिटर? रचना तर तुमची आहे."

मग ह्यांना बोलावणं गेलं. हे म्हणाले, आटे उलटे हायत, सायकलच्या डाव्या पायडलासारखे. मोठे साहेब स्वतः सायकल स्टँडवर जाऊन बघून आले. परत आल्यावर त्यांनी फळ्यावरचा कागद उद्धवरावांनाच काढायला लावला. नव्या कागदावर नाव लागलं, ज्ञानदेव.

मी ऐकून गूळ काढायला उठले, तर हे म्हणाले, "पाना माझा व्हता त्यांच्या हातात. तू सांगितलं न्हाईस?"

"त्यांनी पाणी घेतलं न्हाई," मी म्हणाले.

ह्यांनी तो नट उचलून फडक्यात बांधला. त्यांच्या हातची वस्तू मोडली, याचं मला वाईट वाटलं. बाकी कशाचं नाही.

पुढच्या गुरुवारी गाडी पुन्हा आमच्या दारात. दुरुस्ती ज्ञानदेवनेच करायची आणि उद्धवरावांनी समोर बसून शिकायची, असा मोठ्या साहेबांचा हुकूम होता. ऊन मी म्हणत होतं. तीन तासांनी उद्धवराव खालच्या आवाजात म्हणाले, "कस्तुराबाई, जरा पाणी द्या."

पाणी कुणाला नाकारायचं नाही, ही माझ्या सासूबाईंची शिकवण. तोच तांब्या भरून आणला. त्यांनी तो तोंडाला लावला, तेव्हा मी म्हणाले, "साहेब, नट उजवीकडं फिरवायचा असतो. त्या दिवशी हे पाणी घेतलं असतं, तर त्या दिवशीच सांगितलं असतं."

त्यांनी तांब्या क्षणभर खाली घेतला. पण तहान मोठी होती. मान खाली घालून त्यांनी तांब्या रिकामा केला, आणि मी तो त्यांच्या हातातून घेतला.