वाचून दाखवले, कबूल

“काढलं ना मला? सरळ सांगा काका, गोल गोल नको.”

इस्पितळाच्या धुलाईखात्यातल्या बाईनं लिफाफा टेबलावर सरकवला. सोड्यानं तिची बोटं पांढरी पडली होती. भाषांतरकारानं इंग्रजी पत्र एकदा मनात वाचलं.

इस्पितळाच्या चौकशी समितीचा कारभार सगळा इंग्रजीत, म्हणून हे टेबल. कामगारानं बोलायचं, यानं इंग्रजीत उतरवायचं, तेच पुन्हा आपल्या भाषेत वाचून दाखवायचं आणि ‘वाचून दाखवले, कबूल’ या ओळीखाली सही घ्यायची. सत्तावीस वर्षं हेच. पाठीमागे सगळे त्याला शब्दकोश म्हणत, तोंडावर काका.

दोन महिन्यांपूर्वी ती याच खुर्चीवर बसली होती. स्टोअरच्या साहेबानं चादरींच्या खोलीचं दार आतून लावलं, भिंतीशी दाबलं, तोंडावर हात ठेवला, अंगावर हात टाकला. ती एकेक सांगत होती आणि याची नजर टाचण्यांच्या डबीवरून हलत नव्हती.

इंग्रजीत वाईट वागण्याला शब्दांचा तोटा नाही. मिसबिहेवियर शाळकरी पोरांचं. इनडिस्क्रिशन मोठ्या माणसांचं, अत्तराच्या वासाचं. मिसकंडक्ट कचेरीतलं, फायलीत मावणारं. इनडिसेंट म्हटलं की ऐकणारे माना खाली घालतात, असॉल्ट म्हटलं की पोलीस येतात. आयुष्यभर तो हे शब्द सोनाराच्या तराजूत तोलत आला होता, आणि त्या कसबाचा त्याला थोडा गर्वही होता. त्या दिवशी तराजूच लाजला. त्यानं लिहिलं, इम्प्रॉपर. सदऱ्याचं बटण उघडं राहावं, इतपतच त्या शब्दाचं वजन. बाईचं नाव चारचौघांत नको, असं त्यानं स्वतःला समजावलं. आणि वाचून दाखवताना कागद समोर धरून तिचीच वाक्यं तिला ऐकवली, दारासकट, भिंतीसकट. “अगदी असंच झालं,” म्हणत तिनं सही केली.

आता मात्र त्यानं पत्रातलं अक्षर न अक्षर सांगितलं. मूळ तक्रारीत केवळ अयोग्य वर्तनाचा उल्लेख. समितीपुढे मात्र बंद दार, भिंत, हात. सबब हकीकत मागाहून वाढवलेली, आरोप खोटा. अयोग्य वर्तनाबद्दल साहेबांना फक्त ताकीद, खोट्या आरोपाबद्दल तिला कामावरून कमी.

“मागाहून?” ती म्हणाली. “पहिल्याच दिवशी सांगितलं की मी. तुम्हीच वाचून दाखवलंत.”

“ते मी तोंडपाठ म्हटलं होतं. कागदावर नव्हतं.”

“मग कागदावर काय होतं?”

“अयोग्य वागले. एवढंच.”

“अयोग्य.” तिनं तो शब्द जिभेवर घोळवून पाहिला. “जिन्यात विडी ओढणं अयोग्य, काका. हे काय होतं, तुम्हाला ठाऊक होतं ना?”

“होतं.”

“मग?”

“तुमची अब्रू...”

“अब्रू माझी होती ना? मग मला विचारायचंत.” तिचा आवाज चढला नाही. “मला सांगताना लाज वाटली नाही. तुम्हाला लिहिताना वाटली.”

त्यानं कोरा कागद ओढला. अपील लिहिलं: दार, भिंत, तोंडावरचा हात, आणि असॉल्ट. दुसऱ्या कागदावर, तिला सांगत सांगत, स्वतःचं निवेदन लिहिलं. तक्रारदारानं पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं, सौम्य शब्द माझा, आणि वाचून दाखवलं ते कागदावर नव्हतं.

“ह्यानं तुमचं काय होईल?”

“नोकरी जाईल बहुधा.”

तो वाचून दाखवायला लागला तसा तिनं कागदांवर हात ठेवला.

“तुम्ही नको.”

दोन्ही कागद घेऊन ती समोरच्या औषधांच्या खिडकीशी गेली. उघड्या दारातून त्याला सगळं दिसत होतं. औषधवाल्या बाईंनी रांग थांबवली, ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक वाक्य आपल्या भाषेत सांगू लागल्या. अर्ध्यावर त्यांचं बोट थबकलं. मागची माणसं बघून त्यांनी आवाज उतरवला.

“मोठ्यानं वाचा, ताई,” ती म्हणाली. “ऐकू दे.”

बाई मोठ्यानं वाचू लागल्या. टेबलामागे तो कधी उभा राहिला होता, त्यालाच ठाऊक नव्हतं. आणि आता खाली बसावं की नाही, तेही त्याला कळेना.