नळीपाशी ओतलेले पाणी

तारघराच्या गोदामात भिंतीला टेकून ठेवलेली लाकडी पेटी दिसते ना, मित्रांनो, ती मीच. मी टेलिफोनचा जुना बोर्ड आहे. माझ्या अंगावर पितळी झडपा आहेत. कोणी दूरवरून फोनची मूठ फिरवली की त्याची झडप खाली पडे. मग ऑपरेटर विचारी, "कोण बोलतंय? कोण हवंय?" हे कळल्याशिवाय माझ्यातून एक शब्दही पुढे जात नसे.

महाराष्ट्र राज्य नवे होते, तेव्हा मला चिखली तालुक्यातल्या एका गावच्या टपाल कचेरीत बसवले. प्रत्येक फोनसाठी खांबांवरून एकच तार येई. विजेचा परतीचा रस्ता जमिनीतून होता. त्यासाठी अंगणाच्या कोपऱ्यात एक लोखंडी नळी खोल पुरलेली होती. ऑपरेटर होती स्नेहलता. ती विज्ञान शिकलेली होती, मोजके बोलायची आणि माझ्या झडपा रोज मऊ फडक्याने पुसायची.

त्या नळीला कोणीतरी शेंदूर लावला. शेजारच्या तानुबाई रोज सकाळी तिच्यावर तांब्याभर पाणी घालू लागल्या. स्नेहलताला ते पटले नाही. एका फाल्गुनात तिने शेंदूर पुसून टाकला.

"आजी, हा देव नाही. सरकारी नळी आहे."

"नसन देव," तानुबाई म्हणाल्या, "पन पानी घातल्यानं तुहं काय जाते व माय?" आणि त्या तांब्या घेऊन घरी गेल्या.

चैत्रात मी बिघडू लागलो. सगळ्या झडपा एकदमच मुक्या होत. कधी तासाभराने आपोआप सुरू होई, कधी दोन दिवस आवाज नसे. अमडापूरहून एका बाळंतिणीसाठी डॉक्टरांना फोन करायचा होता, तो लागला नाही. बैलगाडीने निरोप पोचला, म्हणून ती वाचली. लोक चिडले. वरच्या कार्यालयाने कळवले, की महिनाअखेरपर्यंत दोष सापडला नाही, तर बोर्ड उचलून नेऊ. मग फोनसाठी थेट चिखली गाठावी लागली असती.

तपासनीस लक्ष्मीकांत तीनदा आले. त्यांनी मला उघडले, बॅटऱ्या बदलल्या, तारा घासल्या. पण त्यांनी हत्यारे बाहेर काढून मला तपासायला घेतले, की मी ठणठणीत असे.

शिपाई उकंडराव हसायचा. "साहेब, हे तुमाले भेते! तुमी गेले का पुन्हा मुकं होते."

शेवटच्या खेपेला लक्ष्मीकांत मला न्यायलाच आले. सकाळपासून मी बंद होतो. ते हातपाय धुऊन चहा घेत होते. माझे स्क्रू सैल करणार, एवढ्यात अमडापूरची झडप खट्‌दिशी पडली.

स्नेहलता माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने खिडकीतून अंगणात पाहिले. नळीभोवतीची माती ओली होती.

"उकंडराव, तिथं पाणी कोणी ओतलं?"

"म्या. माठ रिकामा केला. साहेबाले शिळं पानी पाजू काय? कोनी मोठा मानूस आला का मी ताजं भरतो."

लक्ष्मीकांतांनी कपाळाला हात लावला. "नळीभोवतीची माती कोरडी झाली, की वीज जमिनीत जातच नाही. उन्हाळ्यात तिथं रोज पाणी घालायचं असतं. मला वाटलं, कोणीतरी घालत असेल."

"घालत होत्या," स्नेहलता म्हणाली. "मी बंद केलं."

खात्री म्हणून पुढचे काही दिवस तिने तिथे पाण्याचा थेंब पडू दिला नाही. मी मुका झालो. मग बादलीभर पाणी ओतले आणि झडपा बोलू लागल्या. तेवढे पाहायला थांबलेले लक्ष्मीकांत मला न घेताच परत गेले. स्नेहलता तानुबाईंच्या दारात गेली.

"काऊन व माय? नळीत देव आला काय आता?"

"नाही आजी. पण पाणी लागतं. उद्यापासून घालाल?"

तानुबाईंनी तिला बराच वेळ उभे ठेवले. मग म्हणाल्या, "शेंदूर लावू देशीन त घालीन."

स्नेहलता हसली. "लावा."

पुढे आपोआप चालणारी यंत्रे आली आणि मी इथे आलो. माझ्या झडपा आता कोणी पुसत नाही. मित्रांनो, तुमच्याकडचे एखादे यंत्र अकारण बंद पडू लागले, तर ते जरूर उघडून पाहा. पण त्याआधी अंगणात जा आणि विचारा, कालपर्यंत इथे रोज कोण येत होते, आणि आज का येत नाही.