एवारिस्तोबाबाचं काळं अंडं

नदीकाठच्या बेलेनच्या बाजारात मासळीपेक्षा जास्त गर्दी एवारिस्तोबाबाच्या दारात असायची. बाईच्या ओटीपोटावरून तो अंडं फिरवायचा आणि पेल्यातल्या पाण्यात फोडायचा. पाणी काळंकुट्ट. बायका छातीवर क्रूस काढायच्या.

"रोग अंड्यात उतरला. पुढल्या खेपेला पाणी स्वच्छ निघालं की बाई बरी," तो म्हणायचा. "दवाखान्यातल्या मशीनचं कधी पोट दुखलंय का?"

लोक हसायचे. माझी धाकटी बहीण ओदिलियाही हसायची. तिच्या ओटीपोटात कळा यायच्या, अंगावरून पांढरं जायचं. मी तिला डॉक्टर नेलिदाबाईंकडे नेलं.

"कापसाच्या काडीने नमुना घेऊ," बाई म्हणाल्या. "जंतू मोजके असले तरी मशीन त्यांच्या जनुकाच्या लाखो प्रती काढतं, मग ते लपत नाहीत. असे जंतू जोडीदाराकडून लागतात, नवऱ्यालाही आण."

ओदिलिया नमुना न देताच उठली. "ताई, नवरा मला घराबाहेर काढील. बाबा कुणाला बोलावत नाही."

बाबाकडे दुसऱ्या खेपेला पाणी स्वच्छ निघालं. ती निर्धास्त झाली.

नदी चढली त्या दिवसांत ती मासळी विकतानाच कोसळली. गर्भ पिशवीऐवजी बीजनळीत वाढला होता, ती नळी फुटली. ऑपरेशनने ती वाचली, गर्भ गेला. तेव्हा घेतलेल्या नमुन्यात क्लॅमिडिया नावाचा जंतू निघाला. दुसऱ्या बाजूची नळीही त्यानेच आतून चिकटली होती.

"वेळेवर गोळ्या घेतल्या असत्या तर नळ्या कदाचित वाचल्या असत्या," नेलिदाबाई म्हणाल्या.

मी त्यांना घेऊन बाबाचं दार गाठलं. त्याच्याजवळ दोन टोपल्या होत्या. डावीतलं अंडं उचलून मी कुणालाही न लावता फोडलं. काळं. दुसरंही काळं.

"हा कुणाचा रोग, बाबा? कोंबडीचा?"

कुणी हसलं नाही. बाईंनी तिसरं अंडं उन्हात धरलं. टोकाला सुईचं भोक, वर मेणाचा ठिपका. आत शाई टोचलेली. उजव्या टोपलीत 'बऱ्या झालेल्यां'साठी साधी अंडी.

"पण मला बरं वाटलं होतं," रांगेतली एक म्हातारी म्हणाली.

"वाटतं, आजी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कळ थांबली म्हणून जंतू जात नाहीत. पुष्कळांना तर काही दुखतही नाही."

काही बायका बाईंमागे निघाल्या. काही रांगेतच राहिल्या.

ओदिलियाच्या नवऱ्यालाही तोच जंतू निघाला; त्याला कसलाच त्रास नव्हता. दोघांनी गोळ्या घेतल्या. तिला पुन्हा मूल होईल का, ते कुणीच सांगू शकत नाही.

बायांनो, लाज वाटली तरी नमुना द्या. जोडीदारालाही न्या. जंतू अंड्यात उतरत नाही.